गोळ्या बंद करण्याआधी एक फोन करा : स्त्रीरोगतज्ज्ञांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत बाळंतपणं करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

मी लातूरला संधिवाताची डॉक्टर आहे. माझ्या ओपीडीत गरोदर बायका आणि मूल हवं असलेल्या बायका खूप असतात. कुणाला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार), कुणाला आमवात, तर कुणाचा गर्भ टिकत नाही म्हणून कुणीतरी चिठ्ठी देऊन पाठवलेलं. निलंगा, अहमदपूर, उदगीर, देगलूर इथून एसटीनं येतात. तुम्हाला पत्र लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मागच्या महिन्यात एक फाईल पाहिली आणि ठरवलं की आता थांबायचं नाही. त्या पेशंटला विचारूनच, तिची ओळख न सांगता लिहिते आहे.

२६ वर्षांची पहिलटकरीण. चार वर्षांपूर्वी ल्युपसमुळे किडनीला सूज आली होती. औषधांनी ती उतरली. लग्नानंतर वर्षभरानं ती नवऱ्याला घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, आम्हाला मूल पाहिजे, तुम्ही सांगाल तसं करते." आम्ही तिची गर्भाला घातक असलेली मायकोफेनोलेट बंद केली, तिला गरोदरपणात चालणाऱ्या अ‍ॅझाथायोप्रीनवर आणलं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवलं आणि सहा महिने नुसती वाट पाहिली. लघवीत प्रथिनं नाहीत, बीपी ठीक, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक, असं सलग दिसल्यावरच "आता हरकत नाही" म्हटलं. तीन महिन्यांत दिवस राहिले. सहा महिने सगळं अगदी सुरळीत चाललं होतं.

सातव्यात ओटी भरली आणि ती माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीतच आहे. माहेरच्या गावच्या डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद पाहिला. फाईलवर त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे : 'सर्व गोळ्या बंद. फक्त लोह, कॅल्शियम.' खाली सही आणि तारीख.

पाच आठवड्यांनी तिचे पाय सुजले, मग चेहरा. बीपी १७०/११०, लघवीत प्रथिनं भरपूर. ती माझ्याकडे पोहोचली तेव्हा तिच्या पिशवीत त्या बंद केलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या तशाच होत्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. "डॉक्टरांनी नको म्हणलं, पण टाकवल्या नाहीत," असं म्हणाली. बत्तिसाव्या आठवड्यात सिझर करावं लागलं. बाळ १४०० ग्रॅमचं. ते वाचलं, काचेच्या पेटीत चोवीस दिवस काढून घरी गेलं. तिची किडनी मात्र पहिल्यासारखी झाली नाही.

ज्यांनी ती ओळ लिहिली त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, हे मनापासून सांगते. त्यांनी निष्काळजीपणा केला नाही. त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीची कारणं मला माहीत आहेत. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर 'गरोदरपणात टाळा' असं छापलेलं असतं. बाळात काही दोष निघाला तर नातेवाईक दवाखान्यात येऊन काय करतील, कोर्टात कोण काय विचारेल, हे तुम्ही रोज डोक्यावर घेऊन बसता. गोळी बंद केली की निदान आपल्या हातून काही झालं नाही, असं वाटतं. पण या आजारात गोळी बंद करणं हासुद्धा एक उपचारच असतो, आणि त्याचेही परिणाम असतात. ते परिणाम उशिरा आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच दवाखान्यात दिसतात, म्हणून तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. यासाठी हे पत्र.

सगळ्यात आधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त हीच गोळी बंद होताना पाहते. मलेरियाच्या औषधाच्या घराण्यातली ही गोळी ल्युपस असलेल्या बाईनं गरोदरपणात घ्यायचीच असते, आधीपासून चालू असेल तर थांबवायची नसते. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली प्रजननविषयक मार्गदर्शिका काढली, तीत हे स्पष्ट आहे. युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या संघटनांनीही २०१६ साली हेच सांगितलं होतं. ती घेतल्यानं गरोदरपणात आजार उसळण्याचं प्रमाण कमी होतं. आणि तिची एक खोड आहे. ती शरीरातून फार हळू निघते. निम्मी बाहेर पडायलाच महिनाभराहून जास्त लागतो. त्यामुळे आज बंद केली तर उद्या काहीच होत नाही. पेशंट बरी दिसते, डॉक्टरांना वाटतं, बघा, गरज नव्हतीच. पुढं केव्हातरी आजार डोकं वर काढतो आणि तोवर त्याचा संबंध त्या बंद केलेल्या गोळीशी कुणी लावत नाही.

मार्च २०२० आठवतो तुम्हाला? आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, करोनापासून बचावासाठी हीच गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांना सुचवली, आणि काही दिवसांत औषध दुकानांतून ती दिसेनाशी झाली. माझी एक पाच महिन्यांची गरोदर पेशंट होती. तिचा नवरा लॉकडाऊनमध्ये पोलिसांना माझी चिठ्ठी दाखवत तीन तालुके फिरला आणि दोन पट्ट्या घेऊन आला. तिनं त्या पुरवून पुरवून घेतल्या. जी गोळी त्यानं अशी शोधून आणली, तीच आपण एका ओळीत बंद करतो तेव्हा मला फार लागतं.

आता प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून तुम्ही बीटामेथॅसोन किंवा डेक्सामेथॅसोन देता, प्रेडनिसोलोन देत नाही. का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे : पहिली दोन्ही वार ओलांडून बाळापर्यंत जातात, प्रेडनिसोलोनचा बराच भाग वारेतच निकामी होतो. मग आईच्या आजारासाठी मी ५ किंवा ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देते तेव्हा बाळाची तेवढी धास्ती का? अ‍ॅझाथायोप्रीनचंही असंच आहे. तिचं नाव केमोथेरपीच्या यादीत वाचून नातेवाईक हादरतात, पण ठरलेल्या मात्रेत, म्हणजे किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅमपर्यंत, ती गरोदरपणात वापरता येते. सल्फासालाझीनही चालते, सोबत फॉलिक अ‍ॅसिड द्यायचं. उलट असं होतं की या गोळ्या बंद केल्या जातात, मग सांधे दुखायला लागतात आणि त्यावर डायक्लोफिनॅक लिहिलं जातं. विसाव्या आठवड्यानंतर या वेदनाशामकांनी बाळाच्या किडनीवर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो, शेवटच्या तिमाहीत तर बाळाच्या हृदयाजवळची नळी अकाली बंद होण्याची भीती असते. चालणारी गोळी काढून न चालणारी आपण त्या बाईच्या हातात ठेवतो.

ज्यांना खरंच घाबरायचं त्या गोळ्या वेगळ्या आहेत. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड, सायक्लोफॉस्फामाइड. ही औषधं चालू असताना दिवस राहता कामा नयेत. मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी, मायकोफेनोलेट किमान सहा आठवडे आधी थांबवावी लागते, आणि लेफ्लुनोमाइड तर अंगात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकते, ती कोलेस्टायरामीन देऊन धुऊन काढावी लागते. आमवातावरची टोफासिटिनिब आता स्वस्त झाल्यापासून खूप लिहिली जाते, तीही गरोदरपणात नको. पण इथंही एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बाईला चुकून दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत "खाली करून घ्या" असं कृपा करून सांगू नका. गोळी त्याच दिवशी थांबवा, फॉलिक अ‍ॅसिड द्या, बारकाईनं सोनोग्राफी ठरवा आणि आम्हाला कळवा. धोका वाढतो हे खरं, पण प्रत्येक बाळात दोष येतो असं नाही. निर्णय त्या बाईनं पूर्ण माहिती ऐकून घ्यायचा आहे.

तुमचं आणि आमचं सगळ्यात जास्त अडतं ते सुजेच्या आणि बीपीच्या पेशंटपाशी. वर लिहिलेली पेशंट आली तेव्हा प्रश्न हाच होता : हे गरोदरपणातलं बीपी, म्हणजे प्रिएक्लॅम्प्सिया, की ल्युपसनं किडनी पुन्हा धरली? दोन्हीत सूज, दोन्हीत बीपी, दोन्हीत लघवीत प्रथिनं. पण एकात बाळंत करणं हा उपाय, दुसऱ्यात आजारावरची औषधं वाढवणं. चुकीचा अंदाज बांधला तर एकतर बाळ उगाच फार लवकर बाहेर येतं, नाहीतर आईची किडनी जाते. लघवीत लाल पेशी आहेत का, रक्तातली सी-थ्री आणि सी-फोर ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं उतरलीत का, ल्युपसची अँटि-डीएस-डीएनए अँटिबॉडी (शरीरानं स्वतःविरुद्धच तयार केलेलं प्रथिन) वाढलीय का, यावरून बरंच कळतं. गरोदरपणात सी-थ्री, सी-फोर एरवी वाढतात, म्हणून ते 'नॉर्मल'च्या खालच्या काठावर असले तरी मला शंका येते. हे एकट्या तुम्हाला किंवा एकट्या मला कळणार नाही. दोघांनी एकाच वेळी तिच्या कॉटशी उभं राहायला हवं. त्या दिवशी मी आणि आमच्या इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ रात्री साडेअकरापर्यंत उभ्या होतो. तिच्यात दोन्ही होतं.

गर्भ वारंवार पडणाऱ्या बायकांबद्दल लिहिताना मला त्यांचे चेहरे आठवतात. चौथ्यांदा गर्भ पडल्यावर एक बाई आली होती, सोबत सासू. नवसाचे गंडे दोघींच्याही हातात. सासू माझ्या देखत म्हणाली, "हिच्या पोटात टिकतच नाही, दुसरी करावी का?" तिच्या रक्तात गुठळ्या करणारी अँटिबॉडी निघाली. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली वर्णन केलेला हा आजार, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. तपासण्या तीन आहेत : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह आल्या म्हणून शिक्का मारायचा नाही, बारा आठवड्यांनी पुन्हा करायच्या. एखाद्या पहिल्या लवकर पडलेल्या गर्भासाठी मी या तपासण्यांचा खर्च कुणाला सांगत नाही. पण दहा आठवड्यांच्या आतले तीन गर्भ पडले असतील, किंवा दहा आठवड्यांनंतर चांगलं वाढलेलं एक जरी मूल असं गेलं असेल, तर नक्की करा. आजार ठरला तर कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची पोटात घ्यायची सुई, एवढ्या उपचारानं दहापैकी सात-आठ जणींना जिवंत मूल होतं. ती बाई रोज सकाळी स्वतःच्या हातानं पोटात सुई टोचून घ्यायची. कुठं टोचली ते काळं-निळं झालेलं मोजून दाखवायची. मुलगी झाली. आता शाळेत जाते.

याच बायकांना पाळणा लांबवायला माला-एन दिली जाते, तेव्हा मात्र माझी झोप उडते. त्या गोळीत इस्ट्रोजेन आहे आणि यांच्या रक्तात आधीच गुठळ्या होण्याचा कल. त्यांना तांबी बसवा. आपल्या आशाताईंना एवढं एकच वाक्य सांगा : गुठळीचा आजार असेल तर माला-एन नाही.

रो अँटिबॉडीचंही थोडक्यात सांगते. डोळे-तोंड कोरडं पडणाऱ्या किंवा ल्युपस असलेल्या आईच्या रक्तात ही असू शकते, कधी आईला काहीच त्रास नसतो. अशा शंभर आयांमागे साधारण दोन बाळांच्या हृदयाचे ठोके पोटातच मंदावतात. तुम्ही ठोके मोजता, मिनिटाला साठ लागतात, आणि बाळ गुदमरतंय असं समजून धावपळीत सिझर होतं. बाळ गुदमरत नसतं, त्याच्या हृदयातली वीजवाहिनी अडलेली असते, आणि त्याला कमी दिवसांत बाहेर काढणं त्याच्यासाठी आणखी वाईट. ही अँटिबॉडी आधीच माहीत असेल तर सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात बाळाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून लक्ष ठेवता येतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन इथंही उपयोगी पडते.

आता बाळंतपणानंतरचं, कारण तिथं आपण दोघंही कमी पडतो. आमवाताच्या कितीतरी बायकांचे सांधे गरोदरपणात आपोआप हलके होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी १९३०च्या दशकात हे टिपलं. त्यांना वाटलं, गरोदर बाईच्या शरीरात असं काहीतरी तयार होतंय की जे हा आजार आवरतं. त्याचा माग काढत ते कॉर्टिसोन या स्टेरॉइडपर्यंत पोहोचले, १९४८ साली आमवाताच्या पेशंटला ते पहिल्यांदा टोचलं आणि १९५० साली केंडाल व राइशस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसोबत त्यांना नोबेल मिळालं. आमच्या शास्त्रातलं सगळ्यात मोठं औषध आम्हाला असं गरोदर बायकांकडे नीट पाहिल्यामुळे सापडलं. पण बाळंत झाल्यावर काही आठवड्यांत तोच आजार दुपटीनं परत येतो, आणि कित्येक जणींना तो तेव्हाच पहिल्यांदा होतो.

आपल्याकडे त्याला नाव तयार आहे : 'बाळंतपणात वारं लागलं.' कान बांधा, शेक घ्या, डिंकाचे लाडू खा, सव्वा महिन्यानं जाईल. एक मुलगी तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. बाळाच्या झबल्याचे बंद तिची आई बांधत होती, कारण हिची बोटं मिटत नव्हती. पाजायला घेताना ती बाळाला हातांनी उचलत नव्हती, कोपरांनी ओढून घेत होती. आणि रडत होती, ती दुखतंय म्हणून नाही, घरात सगळे म्हणतात हिला बाळाचं करायला नको असतं म्हणून. तुमच्याकडे टाके दाखवायला येते तेव्हा फक्त एवढं विचारा : सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, किती वेळ? तासभर म्हणाली तर ते वारं नाही. उपचार सुरू केले म्हणून अंगावरचं दूध तोडायला लागत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझीन, अ‍ॅझाथायोप्रीन, कमी मात्रेचं प्रेडनिसोलोन घेत असताना पाजता येतं. आणि एखादीला गरोदरपणाच्या उत्तरार्धात प्रतिकारशक्ती दाबणारी इन्फ्लिक्झिमॅब किंवा अडॅलिमुमॅबची इंजेक्शनं चालू असतील, तर जन्मल्या दिवशी बाळाला बीसीजी टोचण्याआधी बालरोगतज्ज्ञांना सांगा. ती लस किमान सहा महिने पुढं ढकलावी लागते.

आमच्या शाखेचीही चूक कबूल करते. बावीस वर्षांच्या मुलीला मेथोट्रेक्सेट लिहून देताना 'ही गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत' हे आमच्यातल्या कितीजणांनी तिला सांगितलं? वडील शेजारी बसलेले असतात, विषय काढायला अवघड वाटतं, बाहेर पन्नास पेशंट असतात. मीही पूर्वी सांगत नव्हते. मग लग्न होतं, आजार सासरपासून लपवलेला असतो, गोळ्या तांदळाच्या डब्यात असतात, आणि पहिली बातमी तुमच्याकडे पोहोचते तेव्हा ती सात आठवड्यांची गरोदर असते. तुम्ही घाबरणारच. आता मी घरच्यांना दोन मिनिटं बाहेर बसवते आणि प्रत्येकीला विचारते : पुढच्या वर्षभरात मूल हवंय का? नको असेल तर काय वापरतेस? माझ्या संधिवाततज्ज्ञ मित्रांनाही हे पत्र वाचायला सांगते आहे.

सार्वजनिक आरोग्य विभागाकडे थोडंसंच मागते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण केली जाते. त्या तपासणीत संधिवात, ल्युपस आणि गर्भ वारंवार पडणं यांबद्दल एक प्रश्न ठळक असू द्या. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ आणि संधिवाताची जाण असलेले डॉक्टर एका टेबलाशी बसून अशा मातांना तपासू द्या. आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, अ‍ॅझाथायोप्रीन, हेपॅरिन ही तीन औषधं जिल्ह्याच्या साठ्यात कायम असू द्या.

तुमच्याकडे मात्र माझं एकच मागणं आहे. गोळी बंद करायला हात उचलला की आधी ती लिहिणाऱ्या डॉक्टरला फोन करा. नंबर कागदाच्या डोक्यावर असतो. नसेल तर पेशंटकडे असतो. आम्ही ऑपरेशनमध्ये अडकलेले नसतो, फोन घेतो. कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी चालेल. आणि चुकीची गोळी मी लिहिली असेल, तर मला तसं स्पष्ट सांगा, मी दुरुस्त करेन.

सध्या माझ्याकडे ल्युपसची एक मुलगी आहे, चौथा महिना चालू आहे. तिचं माहेर अहमदपूरकडे. संक्रांतीच्या सुमारास ओटी भरून ती तिकडे जाईल आणि तुमच्यापैकी कुणाच्या तरी दवाखान्यात नंबर लावून बसेल. तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर मी लाल पेनानं कोणती गोळी कशासाठी आहे ते लिहिलंय आणि खाली माझा मोबाइल नंबर दिलाय. रात्रीही चालू असतो.

आपली,
लातूरची एक संधिवाततज्ज्ञ